कोळिष्टकं राहू द्या



सोलापूर आणि पक्षी म्हटलं की नान्नजचं माळरान आणि माळढोक आठवतो. रानात हयात घालवून पक्षिकोश लिहिणारे मारुती चितमपल्ली सोलापुरातच जन्मले. आज मात्र मी बोलणार आहे जास्वंदीच्या फांदीला लोंबणाऱ्या एका घरट्याबद्दल. शिंजिराच्या, म्हणजे जांभळ्या सूर्यपक्ष्याच्या.

उन्हाळा लागला की शिंजिराची मादी कामाला लागते. नर काळा-जांभळा, उन्हात झळाळणारा; पण तो गातो, बांधत नाही. मादी आधी कोळ्याची जाळी वेचते. ती फांदीला गुंडाळते आणि मग त्यावर वाळकं गवत, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा, कधी कागदाचा कपटासुद्धा चिकटवते. काही दिवसांत लांबट पिशवी तयार! दार बाजूला, दारावर इवलीशी पडवी, आत मऊ कापसाचं अस्तर.

लांबून पाहावं तर वाऱ्यानं अडकलेला कचराच. हेच घरट्याचं संरक्षण, आणि माणसाच्या बागेत हेच त्याच्या मुळावर येतं. 'काय जळमटं साचलीत' म्हणत आपण काठी फिरवतो आणि मादीची सारी मेहनत खाली येते. म्हणून कळकळीनं सांगते, निदान पाऊस लागेपर्यंत बागेतली कोळिष्टकं राहू द्या. छाटणीही थांबवा.

अंडी बहुधा दोन. ती मादीच उबवते, साधारण पंधरा दिवस. पिल्लं निघाली की मात्र नरही भरवायला येतो. मकरंदावर जगणारा हा पक्षी पिल्लांना कोळी आणि किडे भरवतो. बागेत औषध फवारलं तर त्यांचा घासच जातो.

फोटोसाठी आड येणारं पान बाजूला करावंसं वाटतं. कृपा करून करू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो. पिल्लांना त्या पानाचीच सावली असते. शिवाय पान हटलं की कावळ्याला आणि भारद्वाजाला घरटं उघडं पडतं. खिडकीआडून पाहा, दुर्बीण असेल तर उत्तमच. चोचीत घास घेतलेली मादी फांदीवरच थबकली, आत शिरेना, तर तुम्ही फार जवळ गेला आहात. मागं सरा.

आणि पावसाळ्यात शिंप्यावर लक्ष ठेवा. हा चिमुकला पक्षी रुंद पानांच्या कडा टाके घालून जोडतो आणि त्या द्रोणात घरटं करतो. टाक्यांना कोळ्याचं जाळं, कापूस, सुताचा धागा, काहीही चालतं. कुंपणावर थोडं सूत टाकून ठेवा, पण बोटभर लांबीचंच. लांब धागा पिल्लांच्या पायात अडकतो. सुताला सोलापुरात काय तोटा!