परदेशची जुनी मोटार आणि सेमाडोहचा रस्ता

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांगच्या पुढें सातपुड्याच्या रांगांत खोल शिरतो. सागवानाचें रान दोहों बाजूंनीं जवळ येतें, वळणांमागून वळणें लागतात, आणि सिपना नदीच्या कांठीं सेमाडोह हें कोरकूंच्या वस्तीचें गांव येतें. १९७४ सालीं मेळघाटांत व्याघ्रप्रकल्प झाला, तेव्हांपासून ह्या लहानशा गांवाचें नांव शहरांतील पुष्कळ कुटुंबांच्या तोंडीं आलें. पावसाळा सरला कीं अमरावती-अकोल्याकडील मोटारी तिकडे वळतात. आणि ज्यांचें अर्धें आयुष्य असल्याच रस्त्यांवर गेलें, त्यांना निवृत्तीनंतरहि तो रस्ता स्वस्थ बसूं देत नाहीं.

असेच एक गृहस्थ कल्पनेंत आणावे. वनखात्यांत तीस-बत्तीस वर्षें चाकरी झालेली, अमरावतीस स्वतःचें लहानसें घर, पेन्शन बेताची, आणि भविष्यनिर्वाह निधींतून उरलेले कांहीं लाख रुपये बँकेंत. चिरंजीव इंग्लंडांत बर्मिंगहॅमजवळ नोकरीस आहेत. एके रात्रीं त्यांचा फोन येतो. “बाबा, १९७० सालची लँड रोव्हर आहे. इंजिन चालू, रंग नवा, पत्रा ठणठणीत. आपल्या हिशेबानें आठ लाखांत मिळते आहे. सेमाडोहला जावें तर असल्या गाडींतून, असें तुम्हीच म्हणत होतां ना?” बाबांची त्या रात्रींची झोप उडते. घरांतील मंडळी मात्र सावध असतात. “अहो, तिकडे आठ लाखांना मिळते तें समजलें, पण आपल्या दारांत कितीला पडेल तें विचारलेंत का?”

हा प्रश्न अगदीं वाजवी आहे, आणि परदेशची जुनी मोटार आणूं पाहणाऱ्या प्रत्येकानें तो प्रथम विचारावयास हवा. गाडीची खरेदीची किंमत, तिच्यांत जहाजाचें भाडें आणि विमा मिळवून जी रक्कम होते, त्या सगळ्या रकमेवर जकात बसते. जुन्या मोटारींवरील मूळ जकात २०२५ पर्यंत शेंकडा १२५ होती, व त्या जकातीवर आणखी दहा टक्के अधिभार. म्हणजे एकूण शेंकडा १३७.५. २०२५ च्या अर्थसंकल्पानें ह्या आंकड्यांचीं नांवें आणि वांटणी बदलली, बोजा कांहीं हलका झाला नाहीं. आठ लाखांची गाडी आणि दोन लाख भाडें व विमा असें धरलें, तर दहा लाखांवर पावणेचौदा लाख जकात होते. त्या पावणेचोवीस लाखांवर पुन्हा वस्तु व सेवा कर आहेच. मुंबईच्या बंदरांतून गाडी सोडविणाऱ्या दलालाचें मानधन, गोदीचें भाडें आणि वऱ्हाडापर्यंतची वाहतूक हीं निराळीं. चिरंजीवांनीं उच्चारलेला ‘आठ लाख’ हा आंकडा चारपट होऊनच दारांत यावयाचा.

परंतु केवळ पैसा आहे म्हणून वाट मोकळी होते असेंहि नाहीं. खरी अडचण गाडीच्या वयाची आहे. परदेशांत वापरलेली मोटार भारतांत आणावयाची तर ती कारखान्यांतून निघाल्यास तीन वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा, तिचें चक्र उजव्या बाजूस असावें, वेग किलोमीटरांत दाखविणारें यंत्र असावें, आणि पुढें निदान पांच वर्षें ती रस्त्यावर धावण्याजोगी असल्याचा दाखला असावा, असे नियम आहेत. उतरावयाची तीहि मुंबईच्याच बंदरांत. ह्या पलीकडे दुसरें एक दार आहे, तें म्हणजे फार जुन्या, संग्राह्य मोटारींचें. पूर्वीं १९५० सालापूर्वीं बनलेल्या गाड्यांनाच तें उघडत असे. २०२५ सालीं ती मर्यादा पन्नास वर्षांवर आणून ठेवण्यांत आली. एकंदरींत गाडी तीन वर्षांच्या आंतली तरी हवी, नाहीं तर पन्नास वर्षांपलीकडची. मधल्या सत्तेचाळीस वर्षांना प्रवेश नाहीं.

आणि मोह उत्पन्न करणाऱ्या गाड्या नेमक्या त्या मधल्या वयाच्याच असतात. जर्मनींत किंवा इंग्लंडांत पंधरा-वीस वर्षांची मर्सिडीज आपल्याकडील नव्या लहान गाडीहूनहि स्वस्त विकली जाते. जाहिरात पाहून येथील माणसाचा जीव तुटतो, आणि मग “कागद होऊन जातील, साहेब” म्हणणारा कोणी तरी भेटतो. सप्टेंबर २०२५ मध्यें सीमाशुल्क खात्यानें केरळांत ठिकठिकाणीं छापे घालून, भूतानमार्गें नियम चुकवून आणल्याच्या संशयावरून अनेक जुन्या मोटारी ताब्यांत घेतल्या, तें प्रकरण अशा वेळीं आठवावें. गाडी प्रामाणिकपणें पैसे मोजून तिसऱ्या-चौथ्या हातानें घेतलेली असली, तरी मूळ आयातींत खोट निघाली कीं ती दारांतून उचलली जाते. दलाल तोंवर फोन उचलीनासा झालेला असतो. हा वयाचा नियम जाचक आहे खरा; पण तो नसता तर युरोपांतील भंगाराचा ढीग आपल्याच बंदरांत येऊन पडला असता, हेंहि नाकारतां येत नाहीं.

बाबांची लँड रोव्हर १९७० ची, म्हणजे पन्नाशी ओलांडलेली. तिला दुसरें दार उघडतें. परंतु आंत आल्यावर काय? जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें अशा वाहनांच्या नोंदणीचे निराळे नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें होऊन गेलेलें, आणि सांगाडा, टप व इंजिन ह्यांत मोठा फेरबदल न झालेलें वाहन ह्या नियमांखालीं येतें. परदेशांतून आणलेलेंहि येतें. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात, ती दहा वर्षें चालते, आणि पुढें नूतनीकरणास पांच हजार. क्रमांकाच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांपुढें ‘व्ही ए’ हीं दोन अक्षरें येतात, त्यावरून गाडीचा मान दुरूनच कळतो. मात्र ह्या मानाबरोबर एक अट चिकटलेली आहे. असली गाडी नित्याच्या प्रवासाला किंवा धंद्याला वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणें, दुरुस्तीला नेणें, एवढ्यांसाठींच तिनें रस्त्यावर यावयाचें. जी गाडी आणतां येते ती रोज चालवितां येत नाहीं, आणि जी रोज चालविण्याजोगी आहे ती आणतां येत नाहीं, असा हा पेंच आहे. ज्याला शृंगारून ठेवलेल्या मोटारीची हौस आहे त्याचें ह्यांत कांहींच बिघडत नाहीं. ज्याला महिन्यांतून दोनदां सेमाडोह गांठावयाचें आहे, त्याचें सर्वच बिघडतें.

एवढें होऊनहि हौस उरली, तर गाडी नीट पारखून घ्यावी. येथें चिरंजीवांचे शब्द पुन्हा आठवावे: रंग नवा, पत्रा ठणठणीत. लँड रोव्हर ही गाडी १९४८ च्या एप्रिलांत ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. अमेरिकन जीपवरून सुचलेली ही कल्पना. पण महायुद्धानंतर इंग्लंडांत पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचा टप ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला. ॲल्युमिनियमला पोलादासारखा तांबडा गंज चढत नाहीं. त्यामुळें पन्नास वर्षांनींहि ही गाडी वरून धडधाकट दिसते, आणि गिऱ्हाईक फसतें तें तेथेंच. टपाच्या खालीं चौकोनी पोकळ दांड्यांचा जो सांगाडा आहे तो पोलादीच आहे. इंग्लंडांत हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ पसरतात. तें खारें पाणी त्या पोकळ दांड्यांत शिरून वर्षानुवर्षें मुरतें आणि पोलाद आंतून कुजत जातें. मागची आडवी पट्टी, कमानी टांगण्याच्या जागा आणि इंजिनापाठची पोलादी भिंत हीं तिचीं मर्मस्थानें होत.

इतर गाड्यांची तऱ्हा थोडी वेगळी. मॉरिस मायनर किंवा फोक्सवॅगनची कांसवाच्या आकाराची गाडी घेणाऱ्यानें दरवाज्याखालच्या पट्ट्या, तळाचा पत्रा आणि चाकांवरच्या कमानी पाहाव्या. लोहचुंबक फिरवावा, जेथें तो चिकटत नाहीं तेथें पत्र्याऐवजीं लुकण भरलेलें आहे असें समजावें. दुसरी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. इंग्लंडांत मोटारींची ‘एम्. ओ. टी.’ नांवाची वार्षिक तपासणी असते; पण मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरील बहुतेक गाड्यांना ती माफ आहे. तेव्हां “सर्व कायदेशीर आहे” हें विक्रेत्याचें म्हणणें खरें असूनहि गाडी कित्येक वर्षांत कोणा परीक्षकानें पाहिलेली नसेल. ताजी तपासणी करून देण्यास जो का-कूं करतो, त्याच्याशीं पुढें बोलूं नये. सांगाड्यावर व इंजिनावर कोरलेले क्रमांक कागदांशीं ताडून पाहावे. एक आंकडा चुकला तरी मुंबईच्या गोदींत गाडी महिनोन् महिने अडकून पडते, आणि भाडें दिवसाच्या हिशेबानें चढतें.

युरोपच्या मुख्य भूमीवरील गाड्या डाव्या चक्राच्या. मोटार वाहन कायद्याच्या १२० व्या कलमाप्रमाणें, चालू स्थितींत असलेली इशारा देण्याची यांत्रिक किंवा विजेची सोय असल्याशिवाय अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर हांकतां येत नाहीं. घाटांत एस्. टी.च्या मागें अडकलें असतां पुढचा रस्ता डाव्या बाजूस बसलेल्याला दिसत नाहीं, ही अडचण मात्र कोणत्याहि कलमानें सुटणारी नाहीं. इंग्लंड, आयर्लंड, माल्टा, सायप्रस येथील गाड्या उजव्या चक्राच्या असतात, आणि त्यांतहि माल्टा-सायप्रसच्या रस्त्यांवर इंग्लंडसारखें मीठ नसल्यामुळें तेथील जुन्या इंग्रजी गाड्या पुष्कळदां मायदेशींच्या गाड्यांहून बऱ्या निघतात.

गाडी आली, नोंदली, दारांत उभी राहिली. मग दुरुस्ती कोण करणार? तिचे नट-बोल्ट इंची मापाचे. हल्लींच्या गॅरेजांतील पाने त्यांना बसत नाहींत. अँबॅसॅडरवर हात बसलेल्या एखाद्या वृद्ध मिस्त्रीपाशींच ते सांपडावयाचे. रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे पडदे जुन्या पेट्रोलासाठीं केलेले. वीस टक्के इथेनॉलचें मिश्रण देशभर विकलें जाऊं लागल्यापासून ते फुगतात, चिरतात, आणि पेट्रोल ठिबकूं लागतें. ते सर्व आधींच बदलून घ्यावे. लँड रोव्हरचे सुटे भाग इंग्लंडांत अजून मुबलक मिळतात, पण परतवाड्याच्या बाजारांत नाहीं.

जुन्या युरोपीय गाड्या आपल्या देशास कांहीं नव्या नाहींत. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग आणून नुसती जोडणी करण्यापेक्षां गाडी येथेंच बनवावी, असें सरकारचें धोरण ठरल्यावर १९५४ त तो बंद झाला. पुढें युरोपांत मागें पडलेल्या गाड्याच येथें घर करून राहिल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें कुर्ल्यास इटलीची फियाट ११०० बनविली, तीच पुढें पद्मिनी झाली. ऑक्सफर्डची मॉरिस बंगालमध्यें अँबॅसॅडर होऊन २०१४ पर्यंत निघत राहिली. ट्रायंफ हेरल्ड मद्रासेस १९६१ पासून दहा वर्षें बनली. ह्या गाड्या एकट्या आल्या नाहींत. त्यांच्याबरोबर कारखाना आला, भागांचीं दुकानें आलीं, आणि गांवोगांवच्या मिस्त्र्यांची एक पिढी त्यांच्यावर शिकून तयार झाली. म्हणूनच आडगांवींहि त्यांची नाडी ओळखणारा भेटे. कारखाना आला म्हणजे सारें जमतेंच, असें मात्र नव्हे. १९८५ सालीं स्टँडर्ड कंपनीनें इंग्लंडची रोव्हर मोठ्या थाटानें येथें आणली, तिच्यांत जुन्या व्हँगार्डच्या घराण्यांतलें इंजिन बसविलें, आणि तीन वर्षांत ती गाडी दिसेनाशी झाली.

हें सगळें बाबांना ठाऊक असो वा नसो, एक गोष्ट त्यांना चांगली ठाऊक आहे. जंगलांतल्या सरकारी जीपा त्यांनीं पुष्कळ हांकल्या आहेत. दुसऱ्या दिवशीं ते फोनवर एवढेंच सांगतात, “अरे, पत्र्याचें कौतुक पुरे. रविवारीं हातोडी घेऊन गाडीखालीं शीर. सांगाड्यावर टोले मार आणि आवाज कसा येतो तें मला सांग.”

रविवारीं चिरंजीव गाडीखालीं शिरतात. सांगाड्यावर डांबरासारखा काळा लेप जाड थापलेला असतो. पुढच्या दांड्यांवर हातोडी खणखणते. मागच्या आडव्या पट्टीवर दुसरा टोला बसतो तो नुसता धप् असा, आणि तांबडे पोपडे त्यांच्या तोंडावर पडतात. विक्रेता किंमत एकदम निम्म्यावर आणतो. चिरंजीव हात झटकून घरीं येतात, आणि गाडी बर्मिंगहॅमलाच राहते.

मार्गशीर्षांत बाबा परतवाड्यापर्यंत एस्. टी.नें गेले. पुढें तेथील एका ओळखीच्या मिस्त्रीची जुनी जीप होती. घटांगच्या चढावर तिचा रेडिएटर तापला, तेव्हां दोघेहि पाणी निवेपर्यंत रस्त्याच्या कडेला सागाच्या सावलींत बसून राहिले. सेमाडोहास पोंचावयास दुपार झाली.