ताईच्या पार्लरचा विमा: खुर्चीचा होता, हातांचा नव्हता

आजचा एपिसोड कोडिंगचा नाही, आणि नोकरी कशी बदलायची याचाही नाही. आज पार्लरच्या विम्याबद्दल बोलायचंय. थांबा, हेडफोन काढू नका. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात आई, बहीण नाहीतर वहिनी पार्लर चालवते. काही जणी स्वतः नेल आर्ट किंवा ब्रायडल मेकअप करतात. हे त्यांच्यासाठी.

माझी मोठी बहीण सांगलीत भाड्याच्या गाळ्यात पार्लर चालवते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गाळ्यात पाणी शिरलं. खुर्च्या, स्टीमर, ट्रॉली, सगळं गेलं. विमा नव्हता. पुन्हा उभं राहायला तिने मुद्रा कर्ज घेतलं, आणि बँकेने कर्जाबरोबर एक पॉलिसीही दिली. ताईने ती प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून कपाटात ठेवली आणि समजली, आपला विमा झाला.

गेल्या दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. नेहमीच्याच एका काकूंना तिने हेअर कलर लावला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचे कान, कपाळ, डोळे, सगळं सुजलं. गडद रंगांमध्ये बऱ्याचदा पीपीडी नावाचं रसायन असतं, काहींना त्याची अ‍ॅलर्जी येते. म्हणूनच डब्यावर ४८ तास आधी पॅच टेस्ट करा असं लिहिलेलं असतं. गर्दीच्या दिवसांत ती कोण करतं? काकूंचा मुलगा दवाखान्याचं बिल घेऊन पार्लरमध्ये आला. ताई मला म्हणाली, "तू एवढा बीटेक झालास, ते पॉलिसीचं तेवढं वाच की जरा. विमा आहे ना आपला?"

मी वाचलं. विमा होता, पण खुर्चीचा. आग, पूर, वादळ, दंगल यात सामानाचं नुकसान झालं तर भरपाई. ताईच्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर काय, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. १२ हजार रुपये तिने गल्ल्यातून दिले. काकू चांगल्या, म्हणून तेवढ्यावर मिटलं.

दुसरा धक्का विम्याच्या रकमेचा. ती २ लाख होती, म्हणजे कर्जाएवढी. बँकेला तिच्या पैशांची काळजी, तुमच्या पार्लरची नाही. मी ताईला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि एक्सेल शीट उघडली (माझ्या शिक्षणाचा घरच्यांना झालेला हा बहुतेक पहिलाच उपयोग). दोन हायड्रॉलिक खुर्च्या, एसी, इन्व्हर्टर, आरसे-फर्निचर, प्रॉडक्ट्सचा साठा. आज नवीन घ्यायचं तर किती? ५ लाखांच्या आसपास.

आता हिशोब बघा. पूर आला आणि १ लाखाचं सामान गेलं, तर १ लाख मिळतील असं वाटतं ना? नाही. ५ लाखांच्या मालाचा २ लाखांचाच विमा काढलाय, म्हणजे पाचातले दोन हिस्से. मग १ लाखाच्या नुकसानीवरही ४० हजारच. कमी रकमेचा विमा काढला की प्रत्येक क्लेम त्या प्रमाणात कापला जातो. आणि पॉलिसीवर बँकेचं नाव असेल, तर तेही साधारणपणे आधी बँकेकडे जातात.

छोट्या धंद्यांसाठी एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची ठरावीक नमुन्याची पॉलिसी आहे. जवळपास सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे मिळते. त्यात पूर आहे, आणि रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर वरची कापाकापी होत नाही. पण साधी चोरी त्यात नाही. आग-पुराच्या गोंधळात, त्या घटनेपासून सात दिवसांत झालेली चोरी तेवढी चालते. घरफोडीचा भाग वेगळा जोडावा लागतो. आणि पॉलिसी त्या पत्त्यापुरतीच असते. ताई लग्नसराईत मिरज, जयसिंगपूरला मेकअपला जाते. तिची ती भली मोठी मेकअपची बॅग गाळ्याबाहेर पडली की विम्याबाहेर. तिच्यासाठी 'ऑल रिस्क' म्हणून वेगळा भाग असतो. घरातच पार्लर असेल, तर घराचा विमा काढताना ते लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच आडवं येतं.

आता हातांचा विमा. इथे मी स्वतः फसलो होतो. दुकानाच्या पॅकेजमध्ये 'पब्लिक लायबिलिटी' दिसलं आणि मी ताईला म्हटलं, झालं काम! एजंट दादांनीच थांबवलं. ते म्हणाले, "ओल्या फरशीवरून गिऱ्हाईक घसरलं तर हे चालेल. तुमच्या ट्रीटमेंटनं भाजलं तर नाही." त्यासाठी प्रोफेशनल इंडेम्निटी लागते. ती डॉक्टर, सीए लोकांना सहज मिळते, ब्युटिशियनला मागून घ्यावी लागते.

एवढं कशाला, असं वाटेल. २०२१ मध्ये दिल्लीतल्या एका हॉटेलच्या सलूनने केस चुकीचे कापले म्हणून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २ कोटींची भरपाई सांगितली होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द केली आणि पुरावे पाहून पुन्हा ठरवा म्हणून प्रकरण परत पाठवलं. तिथे गिऱ्हाईक मॉडेल होती, आपल्याकडे एवढा आकडा येणार नाही. पण ग्राहक आयोगाचा रस्ता काकूंच्या मुलालाही मोकळाच होता.

मग आम्ही कंपनीला ईमेल केला. फोन नाही, ईमेल. ताईच्या कामांची यादी दिली: थ्रेडिंग, वॅक्स, कलर, केराटिन, केमिकल पील. प्रत्येकापुढे विचारलं, यातून इजा झाली तर देणार का, हो की नाही. उत्तर यायला नऊ दिवस लागले. कलर चालेल, पण पॅच टेस्टची नोंद हवी. केराटिन चालेल. पील नाही. आणखी एक अट: पॉलिसी चालू असताना आलेलाच दावा धरतील. म्हणजे मध्ये एक वर्ष खंड पडला, तर जुन्या कामाबद्दल आलेली तक्रार आपल्याच गळ्यात.

ताईच्या स्वतःच्या हाताचं काय? सरकारी सुरक्षा विमा तिने काढलाय, वर्षाला २० रुपये, २ लाखांचा. तो जरूर काढा. पण तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाला आहे. मनगट मोडून दीड महिना घरी बसलात तर त्यातून काही नाही. त्यासाठी दर आठवड्याला ठरावीक रक्कम देणारा अपघात विमा बघा. उजवा हात प्लॅस्टरमध्ये असताना थ्रेडिंग कोण करणार?

खर्चाचं विचाराल, तर सगळं मिळून वर्षाचा हप्ता ताईच्या एका ब्रायडल ऑर्डरपेक्षा कमी आला. वर १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी गेला तो वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा, धंद्याच्या विम्यावरचा नाही. क्लेम अडकलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात काही झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यात ऑफिस आहे. एकट्याच्या मालकीच्या छोट्या धंद्यालाही चालतं, फी नाही.

ताईने पील बंद केलंय. तिला ते आवडलं नाही, त्यात पैसे चांगले सुटायचे. काउंटरवर आता एक शंभर पानी वही आहे: नाव, तारीख, पॅच टेस्ट, सही. परवा एक बाई चिडल्या, "केस रंगवायला सही कशाला गं?" ताईने त्यांच्या कानामागे रंगाचा ठिपका लावला आणि दोन दिवसांनी यायला सांगितलं. त्या तणतणत गेल्या. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक.

शनिवारी आल्या, येताना जावेलाही घेऊन.