बालाघाटचा चैत्र आणि उचलीचा हिशेब

(अंबाजोगाई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

तीसहून अधिक वर्षे मी विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र शिकवले. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, हे पहिल्याच तासाला सांगावे लागे. त्या वेळी मागच्या बाकावरचा एखादा मुलगा हमखास म्हणे, "सर, आमच्याकडे ते पाडव्याला सुरू होतं." वर्ग हसत असे. पण त्या मुलाचे म्हणणे पुस्तकापेक्षा खरे होते, हे मला निवृत्तीनंतर अधिक पटू लागले आहे. आपल्या या डोंगराळ मुलखात साल धरणे आणि साल सुटणे, माणसांचे घरी येणे, देण्याघेण्याचा निवाडा, सारे फाल्गुन-चैत्राच्या संधीवर होते. म्हणून 'आपल्या भागातील वसंत' या विषयावर बोलताना मी फुलांपासून सुरुवात करीन, पण हिशेबापर्यंत जाईन. ते दोन्ही एकाच डोंगरावरचे आहेत.

गावाबाहेर मुकुंदराजांच्या समाधीकडे, किंवा बुट्टेनाथाच्या दरीकडे, सध्या एकदा सकाळी चालत जा. बालाघाटची ही कड तेथे एकदम तुटते आणि खाली दरी उघडते. कुसळीचे गवत वाळून पांढरे पडले आहे. सीताफळीच्या झुडपांवर पान नाही. नुसत्या काड्या उभ्या आहेत. बीडच्या ज्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच खडकावर वाढते आणि आत्ता त्याच्याकडे पाहून कोणी म्हणणार नाही की कार्तिकापर्यंत ते फळ देऊन मोकळे होईल. मात्र पळस पेटलेला असतो. तरवड पिवळा असतो. ओढ्याकाठच्या करंजाला पोपटी पालवी येते, पिंपळाला तांबूस, आणि लिंबाला मोहोर धरतो. वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी, आणि जमीन वीतभर मुरमाची. त्यात ही झाडे आपापली मुळे खडकाच्या फटीत घालून जगतात. निसर्गाने येथे काटकसरीचे अर्थशास्त्र फार पूर्वीच लिहून ठेवले आहे.

आता गावात या. फाल्गुनात डोंगरावरच्या वाडीत शिरले की आधी कुलपे दिसतात. ओसरीवर म्हातारी माणसे, अंगणात लहान मुले. शालूची काढणी उरकलेली असते, कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात, हरभरा खळ्यावरून घरात आलेला असतो. बाया चिंचा फोडत बसतात. गर व्यापाऱ्याचा, चिंचोके निराळे, आणि मजुरी वजनावर. शाळेत परीक्षा जवळ आलेली असते आणि आजीच्या जिवावर राहिलेला नातू तीन कोसांवरून येणारी एस.टी. धरायला पळत असतो. पण घरातली कर्ती माणसे नसतात. ती दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरला, साताऱ्याला, सोलापूरला, अहिल्यानगरला, कर्नाटकात गेलेली असतात. हिमालयातला मेंढपाळ वसंत आला की कळप घेऊन डोंगर चढतो. आपलाही माणूस वसंतातच डोंगर चढतो. फरक इतकाच की त्याच्याबरोबर कळप नसतो, बाकी असते.

'पट्टा पडला' हे शब्द या भागात पोराटोरांनाही कळतात. कारखान्याचे गाळप संपले, की पट्टा पडतो. मग ट्रॅक्टर, ट्रक भरून माणसे घाट चढू लागतात. वर भांडी, कोपीचे सामान, लोखंडी पेट्या, शेळी, कडेवरची मुले. कोणाची टायरगाडी बैलांसकट येते. कुलपे उघडतात, ओसऱ्या सारवल्या जातात, आणि दोन-तीन दिवसांत वाडी पुन्हा गाव होते. पाडव्याला गुढी उभी राहते. तिला लिंबाचा डहाळा, आणि साखरेची गाठी. त्या गाठीतली साखर ज्या उसाची, तो ऊस तोडणारे हात गुढीला हळदकुंकू लावत असतात. साखर हाताळण्याचा हा त्यांचा वर्षातला पहिलाच सणावारी प्रसंग असतो, बाकी सहा महिने त्यांनी फक्त ऊस पाहिलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी असाच पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी एका वाडीवर गेलो होतो. पारावर माझ्या वयाचा एक गृहस्थ बसला होता. हंगाम कसा गेला, असे मी विचारले. तो म्हणाला, "सर, पट्टा पडला बगा, पर उचल काय फिटली न्हाई." या वाक्यात जे अर्थशास्त्र आहे, ते उलगडून सांगणे हेच आजचे माझे काम आहे.

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती एका 'कोयत्या'ला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, मिळते. एकटा असेल तर तो अर्धा कोयता. मजुरी टनावर. रोज जे टन पडतील ते उचलीतून वजा होत जातात. जेवणखर्चासाठी आठ-पंधरा दिवसांनी थोडे पैसे मिळतात, तेही पुन्हा नावावर चढतात. काम चुकले तर 'खाडा' धरला जातो. वाढे विकून वरखर्च निघतो. मुकादमाला टनामागे कमिशन असते. कारखान्याला विचाराल तर तो म्हणतो, हा आमचा कामगार नव्हे. वाहतूकदाराला विचाराल तर तो मुकादमाकडे बोट दाखवतो. हंगामाअखेर टन कमी पडले, तर बाकी पुढच्या सालावर जाते, आणि बाकीबरोबर माणूसही जातो. येथे मजुरीचा बाजार आणि कर्जाचा बाजार असे दोन बाजार नाहीत. एकाच माणसाशी एकाच वेळी दोन्ही व्यवहार होतात, म्हणून मजुराला कोणत्याच बाजारात घासाघीस करता येत नाही. टनाचा दर वाढवून घेण्याचे लढे आवश्यक आहेत, ते झाले आणि पुढेही व्हावेत. पण दर वाढला तरी आगाऊ बांधलेला माणूस मोकळा होत नाही, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

मग ही उचल घेतली का जाते? लोक म्हणतात, लग्नासाठी, व्यसनासाठी, उधळपट्टीसाठी. मी अनेक घरांत बसून वर्षाचा खर्च महिन्यावार मांडून पाहिला आहे. उचल हातात पडते ती पावसाळ्यात, दसऱ्याच्या आधी. पण तिची गरज जन्माला येते चैत्रात. परत आलेल्या घरात खाणारी तोंडे वाढतात. डोंगरावरचे एक-दोन एकर कोरडवाहू रान उन्हाळ्यात काही देत नाही. लग्नसराई याच दिवसांत, दवाखाना याच दिवसांत, कारण सहा महिने अंगावर काढलेले दुखणे घरी आल्यावर बाहेर पडते. पुढे मृगाला बी-खत घ्यावयाचे. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ या तीन महिन्यांत हाताला काम नाही, आणि खर्च मात्र सगळा तेव्हाच. किराणा दुकानात उधारी चढते, सावकाराचे घेतले जाते आणि ते फेडायला मुकादमाची उचल येते. थोडक्यात, उचलीची पेरणी चैत्रात होते. दसऱ्याला फक्त तिची कापणी असते. जो हा तीन महिन्यांचा खड्डा बुजवील, तोच उचलीची दोरी सैल करील.

या खड्ड्याची किंमत सर्वांत अधिक कोण मोजते, हेही सांगितले पाहिजे. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची माहिती पुढे आणली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. त्यामागे एकच कारण नाही. पण खाड्याची भीती, फडावर न्हाणीची आणि पाण्याची सोय नसणे आणि स्वस्तात भय विकणारी वैद्यकी, ही साखळी सर्वांना माहीत आहे. वयात आलेली मुलगी मागे ठेवता येत नाही आणि फडावर नेता येत नाही, म्हणून तिचे लग्न उरकले जाते. त्या लग्नाने एक नवा कोयता तयार होतो. वैशाखात आपण ज्या मांडवांत अक्षता टाकतो, त्यांतले काही मांडव असे असतात. कार्यकर्त्याने अक्षता हातात घेण्यापूर्वी मुलीचे वय विचारले पाहिजे.

मला १९७३ चा चैत्र आठवतो. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो. १९७२ चा पाऊस गेला होता, विहिरी तळाला होत्या. आमच्या गावची सगळी माणसे, त्यांत स्वतःला बडे शेतकरी समजणारेही, खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या मातीकामाला जात. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांची चव अजून जिभेवर आहे. ते दिवस कष्टाचे होते. पण गाव फुटले नाही. त्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसे होती. १९६५ साली वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूरला जो लहानसा प्रयोग केला होता, त्याला दुष्काळाने राज्याचे रूप दिले. पुढे १९७७ साली विधिमंडळाने एकमताने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. शहराने खेड्याच्या कामाचा खर्च उचलावा, हे तत्त्व त्यात होते, आणि मागेल त्याला काम देताना त्या कायद्याने दिवसांची मर्यादा घातली नव्हती. २००५ च्या केंद्रीय कायद्याने हमी देशभर नेली, पण वर्षाला १०० दिवसांची.

तो तलाव आजही आहे. गाळाने भरला आहे, तरी त्याच्या खालच्या दोन विहिरींना शिवरात्रीपर्यंत पाणी असते. खड्डा बुजवण्यासाठी दिलेल्या मजुरीतून पाणी साठवण्याचा खड्डा तयार झाला, हा या योजनेचा दुहेरी गुण. आणि आपल्याला तोच हवा आहे. कारण बालाघाटचे दुखणेही दुहेरी आहे. मांजरा नदी या डोंगरात, पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि खाली जाते. डोंगरावर पडलेले पाणी खाली उसाला जाते, डोंगरावरचा माणूसही खाली उसाला जातो. २०१६ साली पाडवा ८ एप्रिलला होता. त्यानंतर चारच दिवसांनी, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याने भरलेली पहिली आगगाडी लातूरला पोचली, कारण धनेगावच्या मांजरा धरणात उपसण्यासारखे पाणी उरले नव्हते. त्याच नदीच्या खोऱ्यात उसाचे मळे आणि साखर कारखाने वाढत गेले होते. त्या चैत्रात आपण दोष पावसाला दिला आणि पुढच्या पावसात विसरलो.

आणि २०२० चा चैत्र? त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता. देशभर टाळेबंदी सुरू झाली तोच दिवस. आपली माणसे फडावर, कोपीत अडकून पडली. कारखाना चालूच राहिला. एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना तपासणी करून घरी येण्याची परवानगी मिळाली, आणि काही गावांनी त्यांना वेशीबाहेर ठेवले. ज्यांच्या येण्याने गावाला वसंत येतो, त्यांना गावाने रानात झोपवले. याबद्दल आपणही थोडे आत्मपरीक्षण करावे.

आक्षेप मला ठाऊक आहेत. हमीच्या कामाची मजुरी कमी, ती वेळेवर मिळत नाही, तरुण पुण्याला जातात, माती कोण उपसणार? यातला मजुरी उशिरा मिळण्याचा आक्षेप सर्वांत खरा आहे. ज्याच्या घरी आठवड्याच्या बाजाराला पैसा नाही, त्याला दोन महिन्यांनी मिळणारी मजुरी म्हणजे नाकारलेली मजुरीच. दुसरा एक आक्षेप असा की ऊसतोडणीची यंत्रे येत आहेत, मग कोयत्याचा प्रश्नच राहणार नाही. मित्रहो, यंत्राने कष्ट वाचत असतील तर त्याला माझा विरोध नाही. पण यंत्र आले की उचल जाईल आणि तिच्याबरोबर मजुरीही जाईल. त्या दिवशी या डोंगराला स्वतःचे काम आणि स्वतःचे पाणी नसेल, तर चैत्रात परतलेला माणूस कायमचा मुंबई-पुण्याच्या झोपडपट्टीत जाईल. म्हणजे तयारीला वेळही थोडाच आहे.

म्हणून कार्यक्रम अगदी साधा सांगतो. पाडवा झाला की आठ दिवसांत आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक डोंगरी वाडीवर दोन कार्यकर्ते बसले पाहिजेत. परतलेल्या प्रत्येक घराची कामाची मागणी लेखी घ्यावी, आणि दिनांकासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नये. पंधरा दिवसांत काम नाही तर बेकारी भत्त्याचा अर्ज. कामे माथ्याकडून पायथ्याकडे: आधी उतारावरचे चर, मग नाल्यावरचे बांध, मग जुन्या पाझर तलावांचा गाळ. हजेरी स्त्रियांच्या स्वतंत्र नावाने, कारण फडावर ती अर्धा कोयता असते. येथे ती पूर्ण मजूर असली पाहिजे. मुकादमाच्या वहीतला हिशेब घरातल्या शिकलेल्या मुलाने आपल्या वहीत उतरवून घ्यावा. नववीतल्या मुलाला टन आणि दर यांचा गुणाकार येतो. तो त्याने आपल्या बापासाठी केला, तर आम्ही शिकवलेल्या गणिताचे सार्थक झाले असे मी मानीन.

स्वामी रामानंद तीर्थ काही वर्षे याच गावी शिक्षक होते. निजामी राजवटीत येथे शाळा चालवणे हेच राजकारण होते. आजही खेड्याच्या पारावर बसून एक अर्ज नीट भरून देणे, हे लहान काम नाही.

पारावरच्या त्या गृहस्थाला मी निघताना विचारले होते, यंदा पुन्हा जाणार का? तो म्हणाला, "काम हितं गावलं तर कशाला जाऊ, सर?" मृगाला अजून अडीच महिने आहेत. त्याच्या प्रश्नाचे उत्तर तेवढ्या मुदतीत द्यावयाचे आहे.