बाड उघडण्याआधीचा प्रश्न

कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहत आणि तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. सभासंमेलनांपासून ते दूरच राहिले. वाचकांना ते भेटत ते कथेतून आणि पत्रांतून. ‘काजळमाया’ या कथासंग्रहाला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कारही त्यांनी परत केला. एवढे अलिप्त राहूनही मराठी वाचकाने त्यांना डोक्यावर घेतले. अलीकडे माझ्या मनात एक प्रश्न सारखा येतो. आज पंचविशीतले जी.ए. पहिला संग्रह घेऊन प्रकाशकाकडे गेले असते, तर त्यांना काय विचारले गेले असते?

उत्तर मला एका तरुण कथालेखिकेकडून कळले. तिने बाड टेबलावर ठेवले, आणि ते उघडण्याआधी समोरून विचारणा झाली, “इन्स्टाग्रामवर फॉलोअर्स किती?” हे सांगताना तिचा आवाज कापत होता. मला राग आला, पण प्रकाशकाची अडचणही खोटी नाही. छापलेल्या प्रती खपायला वर्षे लागतात, पैसा गोदामात अडकून पडतो आणि वर्तमानपत्रांतली परीक्षणांची जागा आटत चालली आहे. मग तो आयता वाचक शोधतो.

पूर्वी नव्या पुस्तकाची वार्ता वाचकापर्यंत पोचवणारी माणसे वेगळी होती. १९६४ साली ‘ललित’ मासिक निघाले. त्यातले जयवंत दळवींचे ‘ठणठणपाळ’ हे सदर वाचायला लोक वाट पाहत आणि त्या निमित्ताने नव्या पुस्तकांची नावे कानी पडत. ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने पुस्तके गावोगावी नेली. लेखक लिही, पुस्तकाची दवंडी दुसरे कोणी पिटी. आता दवंडीही लेखकाच्याच हाती आली आहे.

यात केवळ तोटाच झाला असे मी म्हणणार नाही. रूपी कौरचे उदाहरण घ्या. पंजाबात जन्मलेली, कॅनडात वाढलेली ही मुलगी. आपल्या छोट्या कविता, सोबत स्वतःच काढलेली रेखाचित्रे, ती इंटरनेटवर टाकत गेली. २०१४ साली ‘मिल्क अँड हनी’ हा संग्रह तिने स्वतःच प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी एका अमेरिकी प्रकाशनसंस्थेने तो घेतला आणि त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. २०१५ मध्येच, मासिक पाळीचा डाग दिसणारे तिचे छायाचित्र इन्स्टाग्रामने काढून टाकले होते. तिने जाहीर जाब विचारला, कंपनीला माफी मागावी लागली, आणि तिचे नाव जगभर गेले. परदेशात वाढणाऱ्या एका भारतीय मुलीचे शरीराबद्दलचे, घरातल्या दुःखाबद्दलचे बोलणे कुणा संपादकाच्या परवानगीवाचून लाखो मुलींपर्यंत पोचले. ही मोठी गोष्ट आहे.

पण मोबाइलच्या पडद्याने कवितेचे मापही ठरवले. चार-सहा ओळी, बोट वर सरकण्याआधी उमगेल असा अर्थ. रूपीला ते माप साधले. तिच्यामागून आलेल्या कित्येकांच्या हाती नुसते मापच राहिले. आपल्याकडे फेसबुकवर लिहिणाऱ्यांत खरोखर ताकदीची माणसे आहेत. बोलीभाषेतले, शेतातले, कारखान्यातले अनुभव तिथे लिहिले गेले. तरीही पहिल्या वाक्यातच वाचकाला पकडायची घाई कथेला मारक ठरते, असे माझे ठाम मत आहे. जी.एं.ची कथा किती सावकाश अंगावर येते! तिला वाचकाचा एक निवांत तास लागतो.

आणि लेखकाची प्रतिमा कशी बनते? इथे मला पेरुमाल मुरुगन आठवतात. ‘माधोरुभागन’ ही त्यांची तमिळ कादंबरी २०१० साली आली. २०१४ च्या अखेरीस तिच्याविरुद्ध वादळ उठले. मोजकी पाने वेगळी काढून त्यांच्या छायाप्रती वाटल्या गेल्या. कादंबरी न वाचलेल्या माणसांनी लेखकाचा निवाडा केला. जानेवारी २०१५ मध्ये मुरुगन यांनी फेसबुकवर लिहिले की लेखक पेरुमाल मुरुगन मेला आहे, उरला आहे तो एक साधा शिक्षक. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ते पुन्हा लिहू लागले. तेव्हा पाने वेगळी काढायला छायाप्रतीचे यंत्र लागले होते. आज परिच्छेदाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या गटांत पाठवायला मिनिटही लागत नाही. संदर्भ मागे राहतो, लेखकाचे नाव तेवढे पुढे जाते.

म्हणून माझी तुम्हा वाचकांना एक विनंती आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो टाकून थांबू नका. पुस्तक संपवा आणि मग त्यात तुम्हाला काय सापडले, काय खटकले, ते तुमच्या शब्दांत चार ओळी लिहा. प्रकाशकाचे नाव, किंमत, पुस्तक कुठे मिळाले, हेही द्या. खेड्यातल्या वाचकाला त्याचा फार उपयोग होतो. आणि तो लेखक कुठल्याच समाजमाध्यमावर नसेल, तर त्याच्या पुस्तकाबद्दल आवर्जून लिहा.