नसला तरी बघून ये

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेलं.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर हल्ली रिक्षावालाही माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. मी जुन्या वर्तमानपत्रांवर बोलते. पलीकडे जरा शांतता पसरली. मग ते म्हणाले, "बरं, पण पंधरा मिनिटंच हं." तेव्हा घड्याळाकडे लक्ष ठेवूनच बोलते.

सुरुवात या स्मरणिकेपासूनच झाली. 'जुन्या वर्तमानपत्रांतलं धरणगाव' असं एक पान करायचं काम माझ्याकडे आलं होतं. मला ते सोपं वाटलं. गेली काही वर्षं माझी नोकरीच शोधाशोधीची आहे: कंपन्यांच्या लाखो कागदपत्रांतून नेमका कागद काढून देणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं दिवसाचं सभासदत्व घेतलं, त्यांच्या संगणकावर बसले आणि 'धरणगाव' असं टाकलं.

मराठीत काहीच आलं नाही. इंग्रजीत थोडं आलं. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे १८३८ पासूनचे अंक विद्यापीठांना वर्गणी भरून संगणकावर बघता येतात. पण जुना इंग्रज आपल्या गावांची नावं कानाला येतील तशी लिही. खानदेशाचं स्पेलिंग त्या काळी 'के' ऐवजी 'सी'पासून सुरू होई. जळगाव, धरणगाव या नावांत 'ए'च्या जागी 'यू' आणि शेवटी 'एम' असे. शिवाय धरणगाव तेव्हा तालुका नव्हतं, आपण एरंडोल तालुक्यात. आणि १९६० पर्यंत जळगाव जिल्हाही त्या नावाचा नव्हता, पूर्व खानदेश होता. म्हणजे ज्या नावाने आपण शोधतो ते नाव त्या कागदावर नसतंच. हे सगळं आपल्याला इतिहासाच्या तासाला सांगितलेलं आहे. मी तेव्हा मागच्या बाकावर होते, हे सरांनी आता ओळखलं असेल.

मग मला बालकवी आठवले. सरांनी वर्गात सांगितलं होतं: ठोमऱ्यांचा त्र्यंबक, जन्म आपल्या धरणगावचा, १८९० चा, आणि ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली शेवट. तारीख हातात आली की शोधायची तऱ्हाच बदलते. ५ मे १९१८ हा रविवार होता. 'केसरी' तेव्हा साप्ताहिक होतं, मंगळवारी निघायचं. म्हणजे आधी ७ मेचा अंक मागायचा आणि बातमी उशिरा पोहोचली असेल म्हणून पुढचे दोन-तीन मंगळवार. शोधखिडकीत नाव टाकून तासभर बसण्यापेक्षा पंचांग घेऊन पाच मिनिटं बसलेलं बरं, हे मला त्या दिवशी कळलं.

हे मी गावी आल्यावर घरी रंगवून सांगत होते. आमची मोठी आत्या आलेली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती गवार मोडत ऐकत होती. मग म्हणाली, "तू इतला जुना पेपर देखस ना, मंग मना नंबर बी देखी ये."

आत्याचा नंबर आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ४११९९. हा तिचा मॅट्रिकचा बैठक क्रमांक. १९६३ सालची अकरावीची परीक्षा तिने मामांच्या गावाहून दिली होती. मामा रेल्वेत होते. तेव्हा निकाल पेपरात यायचा. नावं नाहीत, नुसते आकडे, पास झालेल्यांचे. आपला आकडा दिसला तर पास, नाही दिसला तर नाही. पेपर गाडीने यायचा. आमचे मोठे काका, तिचे दादा, स्टेशनवर जाऊन बघून आले आणि घरी येऊन म्हणाले, "नंबर नाही." त्याच उन्हाळ्यात मामांची बदली झाली. गुणपत्रक आणायला त्या शाळेत कोणी गेलंच नाही. नापास मुलीचं गुणपत्रक कशाला आणायचं? आत्याला मास्तरीण व्हायचं होतं, ट्रेनिंग कॉलेजला जायचं होतं. पुढच्या लग्नसराईत तिचं लग्न झालं. आयुष्यभर ती शेतात राबली आणि तीन मुली मात्र शिकवल्या.

मी म्हटलं, "आत्या, नंबर नव्हता ना, मग काय बघू?"

ती म्हणाली, "नही व्हई तरी देखी ये." नसला तरी बघून ये. तो पेपर तिने स्वतः कधी पाहिलाच नव्हता.

आता ग्रंथालयाचे तीन दरवाजे सांगते, कारण या एका आकड्यासाठी मला तिन्ही उघडावे लागले.

पहिला दरवाजा संगणकाचा. मला वाटलं, आकडा शोधणं म्हणजे अगदी सोपं. आकड्याचं स्पेलिंग बदलत नाही. उत्तर आलं: शून्य. हे शून्य नीट समजून घ्या, कारण तुमच्या मुलांना ते कोणी सांगत नाही. जुन्या पेपरचं संगणकावर येणं म्हणजे पानाचा फोटो. त्या फोटोतली अक्षरं मशीन वाचतं आणि आपली शोधखिडकी मशीनने जे वाचलं तेवढ्यातच शोधते. स्वच्छ इंग्रजी छपाई मशीन बरी वाचतं. खिळ्यांची झीज झालेली, शाई पसरलेली, शिरोरेघ तुटलेली मराठी छपाई वाचताना ते अडखळतं. आणि आपले बहुतेक जुने मराठी पेपर तर अजून संगणकावर आलेलेच नाहीत. तेव्हा 'काही सापडलं नाही' याचा अर्थ मशीनला काही वाचता आलं नाही, एवढाच. वीस वर्षं या धंद्यात असून मीसुद्धा हे विसरले होते.

दुसरा दरवाजा छापील अंकांचा. ग्रंथालयं पेपरांचे महिन्या-तीन महिन्यांचे अंक एकत्र बांधून खंड करतात. मागणीपत्र भरायचं, पेपरचं नाव, वर्ष, महिना लिहायचा आणि वाट बघायची. मी जून १९६३ चा एका मराठी दैनिकाचा खंड मागवला. शिपाईमामा तो लहान बाळासारखा दोन्ही हातांवर घेऊन आले. पान उलटताना कडेचे तुकडे टेबलावर पडत होते. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातलं एक द्रव्य हवेने आणि उजेडाने पिवळं पडतं, कागद आम्लधर्मी होऊन तडकतो. पूर्वीचा चिंध्यांपासून केलेला कागद यापेक्षा टिकाऊ. म्हणून बाळशास्त्री जांभेकरांच्या काळातला, १८३२ चा कागद कधी कधी आपल्या लहानपणच्या कागदापेक्षा धडधाकट दिसतो.

निकालाचं पान सापडलं. पण अर्धंच. खालचा भाग कोणीतरी ब्लेडने सरळ कापून नेला होता. आधी मला राग आला. मग वाटलं, असेल कोणाचा तरी नंबर. कोणीतरी तो खिशात घालून आनंदाने घरी गेला असेल.

तिसरा दरवाजा मायक्रोफिल्मचा. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली नसेल. सिनेमाच्या फिल्मसारखी पस्तीस मिलिमीटर रुंदीची गुंडाळी असते. तिच्यावर पेपरची पानं ओळीने, बारीक करून टिपलेली. यंत्रावर चढवायची, चाक फिरवायचं, पडद्यावर पान दिसतं. बऱ्याचदा उलटं, म्हणजे काळ्यावर पांढरं. अर्ध्या तासात डोकं गरगरायला लागतं; एसटीच्या मागच्या सीटवर बसल्यासारखं. पण फिल्मचा एक मोठा गुण आहे. ती ज्या दिवशी काढली त्या दिवशी पान जसं होतं तसं तिच्यात राहतं. पुढे मूळ पान कापलं, कुरतडलं, भिजलं, तरी फिल्मवर ते शाबूत असतं. त्याच दैनिकाची फिल्म दुसऱ्या, न कापलेल्या अंकांवरून काढलेली होती.

मी जून १९६३ वर आले. रकाने सुरू झाले. ४११८ ने सुरू होणारे, मग ४११९. ओळीने होतं: ४११९३, ४११९६, ४११९१, ४१२०२.

नव्हताच नंबर. मी यंत्र बंद करायला हात नेला.

आणि मग लक्षात आलं की यादी चढत्या क्रमाने आहे. ४११९६ नंतर ४११९१ कसा येईल? शहाण्णवच्या पुढे आणि दोनशे दोनच्या मागे एक्क्याण्णव बसत नाही. तिथे एकच आकडा असा बसतो जो झिजलेल्या खिळ्याने छापला तर १ सारखा दिसेल. मराठी ९ आणि १ किती जवळचे, ते पहिलीतल्या बाईंना विचारा. मी पान मोठं करून पाहिलं. ९ चं पोट शाईत जेमतेम उमटलं होतं.

एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे माझ्या धंद्याने मला शिकवलंय. रीतसर परीक्षा मंडळाकडे अर्ज केला, वर्ष आणि क्रमांक लिहून. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. उत्तीर्ण.

आता खरी अडचण सुरू झाली. आत्याला सांगायचं की नाही? काका जाऊन बरीच वर्षं झाली. साठ वर्षांनंतर एका बाईला सांगायचं की तू पास होतीस, आणि तुझ्या दादाने चुकीचं वाचलं, याने तिचं भलं होईल की जिवाला घोर लागेल? आई म्हणाली, नको सांगू. वडील म्हणाले, तिने बघून ये म्हटलं होतं. बघितलंस, तर सांगायला हवं. शेवटी मी त्या पानाची प्रत घेऊन गेले.

आत्याने चष्मा लावला. बोट फिरवत त्या ओळीवर आली आणि थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, चुकलंच माझं. मग ती म्हणाली, "हाऊ तं एक दिखस. दादानी काय चूक?"

तिने पहिल्यांदा दादांना सोडवलं. मंडळाचं पत्र तिने नंतर उघडलं. ते आता तिच्या पेटीत आहे. लग्नपत्रिका आणि सातबारा यांच्यामध्ये. तिला विचारून, तिच्या परवानगीनेच हे आज इथे सांगते आहे. ती म्हणाली, "सांग, पोऱ्यासोरी शिकतीन."

आता शेवटची पाच मिनिटं कामाचं बोलते.

कोणाला जुना पेपर शोधायचा असेल तर आधी घरच्या म्हाताऱ्यांजवळ बसा. ग्रंथालयात जाताना तीन गोष्टी हातात हव्यात: तारीख, पेपर आणि त्या काळचं गावाचं नाव. तारीख आठवत नसेल तर विचारा, पाऊस सुरू झाला होता का, कोणाचं लग्न होतं, कापूस वेचणीला आला होता का. त्यावरून महिना निघतो. मग विद्यापीठ निवडताना त्याचं वय बघा. आपलं जळगावचं विद्यापीठ १९९० चं. त्याआधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठात होती. तेव्हा १९६३ चा पेपर शोधायला १९४९ चं पुणे किंवा १८५७ चं मुंबई विद्यापीठ जास्त कामाचं. त्याखेरीज मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. १९५६ पासून कायद्याने देशातल्या वर्तमानपत्रांचे अंक चार ठरावीक ग्रंथालयांत पाठवावे लागतात, त्यांत मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. मायक्रोफिल्मसाठी दिल्लीत तीन मूर्तीचं ग्रंथालय मोठं. आणि ज्यांची मुलं अमेरिकेत शिकतात त्यांनी मुलांना सांगा: शिकागोला आपल्या भागातल्या छापील साहित्याच्या फिल्म जमवण्याचा प्रकल्प १९६७ पासून चालू आहे. विद्यापीठाच्या ओळखपत्रावर तुमचा मुलगा तिथली फिल्म मागवू शकेल. नातवाने आजीसाठी एवढं करायला हरकत नाही.

एका ठिकाणी नाही मिळालं तर दुसऱ्या ठिकाणी बघा. एकाच दिवसाच्या पेपरच्या दोन प्रती सारख्या जगत नाहीत. एकीला वाळवी लागते, एकीला ब्लेड.

आणि एक विनंती. आपल्या घरांत माळ्यावर, गादीखाली, कपाटाच्या तळाला अंथरलेले जुने पेपर आहेत. जळगाव-धुळ्याची छोटी साप्ताहिकं, बंद पडलेली दैनिकं, शाळेच्या निकालाची कात्रणं. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जातात. या वर्षी जाऊ देऊ नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. दोन्हींनी कागद कायमचा बिघडतो. सपाट ठेवा, कोरडे ठेवा आणि उजेडात मोबाइलवर फोटो काढा. फोटोत पेपरचं नाव आणि तारीख आलीच पाहिजे, नाहीतर तो नुसता कागद. फोटो माझ्याकडे पाठवा. मी वर्षवार यादी करेन आणि ती शाळेच्या ग्रंथालयात ठेवू. शोधखिडकी नंतर बनवू, ते माझं रोजचंच काम आहे.

सर, बाई, तुमच्याकडून एक वेगळं हवंय. तुम्हाला कोणत्या वर्षी काय झालं ते आठवतं. ते आम्हाला सांगा, आम्ही वहीत लिहून घेऊ. तारखा मिळाल्या की पेपर मिळतात.

पंधरा मिनिटं होऊन गेली, संयोजक घड्याळ दाखवतायत.