आधी मध्य, मग स्क्रू



मी रिमोटवर उडणारी मॉडेल जेट विमानं बनवते. पंखांची, शेपटीची पाती हलवतो तो सर्व्हो. त्याला सेकंदाला साधारण ५० वेळा संदेश जातो; १.५ मिलिसेकंदाचा संदेश म्हणजे ‘मध्यावर राहा’. म्हणून आधी वीज देऊन सर्व्हो मध्यावर आणायचा, मगच त्याचा आर्म सळईशी काटकोनात बसवून स्क्रू आवळायचा. तिरका आर्म रिमोटच्या सेटिंगने सरळ दिसतो, पण पातं दोन्हीकडे सारखं फिरत नाही. सांधा ढिला राहिला तर वेगात पातं फडफडून विमान तुटू शकतं, आणि खाली माणसं असतात. मी दिवसभर सॉफ्टवेअरच लिहिते, तरी सांगते: जोडणीतला दोष सेटिंगने झाकू नये. बाई, तुमच्या भूमितीच्या तासाचा काटकोन रोज कामी येतो!