‘अलबेला’तलं ट्रम्पेट

आज ओळख ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची. मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 चा, गोव्यातल्या हळदोण्याचा. रसिक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड स्विंग जाझ वाजवी. पण तिथं जायची ऐपत किती जणांची? सामान्यांच्या कानी ते पोचले पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांमुळे. रामचंद्रांच्या गाण्यांत जाझचा रंग भरण्यात चिक यांचा मोठा वाटा होता. भगवानदादांच्या 1951 च्या ‘अलबेला’ चित्रपटात तर ते बँडसह पडद्यावरही दिसतात! 1967 मध्ये त्यांचं निधन झालं. अशा वादकांची नावं आपण फार लवकर विसरलो. ‘अलबेला’ची गाणी लागली, की गायकामागचं ट्रम्पेट जरूर ऐका.